डागडुजीला मुहूर्त नसतो

घर बांधण्याच्या प्रत्येक टप्प्याला आपल्याकडे समारंभ आहे. भूमिपूजनाला कुदळ मारायला पाहुणे येतात, पहिला स्लॅब पडला की पेढे वाटतात, राहायला जाताना वास्तुशांत होते. अलीकडे घर पाडण्यालाही समारंभ जडला आहे. पुनर्विकासाच्या करारावर सह्या होतात, बिल्डरतर्फे हॉलमध्ये जेवण असतं आणि पार्किंगवरून बारा वर्षं अबोला धरलेली दोन कुटुंबं पनीरच्या भाजीपाशी पुन्हा बोलू लागतात. या दोन जेवणावळींच्या मध्ये तीस-चाळीस वर्षं असतात. त्या काळात गच्चीच्या पन्हळीत अडकलेली पानं काढल्याबद्दल कुणाला शाल आणि श्रीफळ मिळाल्याचं ऐकिवात नाही. बांधकाम हे लग्न आहे आणि देखभाल हा संसार. अल्बम लग्नाचा निघतो, संसाराचा निघत नाही. म्हणूनच ‘पर्यावरणपूरक इमारत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सौर पॅनेल, हिरवी भिंत आणि माहितीपत्रकातलं हसरं कुटुंब येतं. शिडीवर चढून फट बुजवणारा गवंडी येत नाही. वास्तविक पर्यावरणाची सेवा त्या कुटुंबापेक्षा हा गवंडीच अधिक करतो, आणि तीही हजेरीवर. जी इमारत उभी आहे ती उभी ठेवणं आणि नवी बांधायचीच तर ती दुरुस्त करता येईल अशी बांधणं, हे टिकाऊपणाचं जवळजवळ सगळं शास्त्र आहे. ते मागे पडतं कारण त्यात फीत कापायला जागाच नाही.

कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर जाऊन पाहावं. कठड्याच्या पायाशी, फटीत, पिंपळाचं दोन पानांचं रोप उगवलेलं असतं. कुठल्याशा पक्ष्यानं फळ खाल्लं, बी इथे टाकलं, ओल होतीच. या वयात ते दोन बोटांनी उपटता येतं आणि खर्च शून्य येतो. पण गच्चीवर जाणारे दोघेच, पतंग उडवणारा मुलगा आणि केबलवाला. दोघांच्याही कार्यकक्षेत पिंपळ बसत नाही. दोन पावसाळे गेले की रोप सेक्रेटरींच्या नजरेला पडतं. पण आता ते रोप राहिलेलं नसतं, पिंपळ झालेला असतो, आणि पिंपळाला हात लावायचा म्हणजे मुंज्याचा प्रश्न येतो. अखेर वॉचमनकरवी नुसता शेंडा छाटला जातो, ज्यामुळे मुंजाही सुखी आणि पिंपळही. मूळ आतच राहतं, जाड होतं, फट रुंदावतं. फटीतून पाणी सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा लागते, ती तो काँक्रीट फोडून मिळवतो. मग एका दुपारी वरच्या मजल्यावर छताचा पोपडा आमटीच्या पातेल्यात पडतो, आणि दोन बोटांचं काम विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर येतं.

सभेत गळतीचे दोन पक्ष पडतात: ज्यांच्याकडे गळतं ते आणि ज्यांच्याकडे अजून गळत नाही ते. तळमजल्याचे सभासद या विषयाकडे अत्यंत तात्त्विक अलिप्ततेनं पाहतात. संसार नश्वर आहे, स्लॅबचं काय घेऊन बसलात! तीन कोटेशनं मागवली जातात, सर्वांत स्वस्त मंजूर होतं, आणि कंत्राटदार दहा वर्षांची लेखी गॅरंटी देऊन दीड वर्षात मोबाइल नंबर बदलतो. शेवटी गच्चीवर पत्र्याची शेड येते. म्हणजे छप्पर गळतं म्हणून छपराला छप्पर. हा सगळा खेळ पैशाच्या कारणानं चालतो असं म्हणतात, तर तो पैसाही पाहू. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी सांगितली आहे. समजा एखाद्या जुन्या फ्लॅटचा बांधकाम खर्च त्या वेळी दीड लाख रुपये होता. तर दुरुस्ती निधी झाला वर्षाला १,१२५ रुपये. आजच्या दरात एवढ्यात प्लंबर येतो, वर पाहतो, ‘पाइप जुना झालाय’ म्हणतो आणि जातो. उपविधीत ‘किमान’ असा स्पष्ट शब्द आहे आणि सभेला ती वर्गणी वाढवता येते. पण किमान शब्दाचा अर्थ ‘कमाल’ असाच लावायचा यावर महाराष्ट्रातल्या तमाम सोसायट्यांचं एकमत आहे, आणि बहुधा त्यांचं एकमत असलेला हा एकमेव विषय असावा.

नियमांत देखभाल नाही असं कुणी म्हणू नये. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं त्याच उपविधी सांगतात. मुंबईत जुन्या इमारतींची तब्येत पाहून वर्गवारीही होते: सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडा, सी-२ ए आणि सी-२ बी म्हणजे मोठी दुरुस्ती, एकीत इमारत रिकामी करून आणि दुसरीत न करता, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. एखाद्या भाबड्या माणसाला वाटेल की सी-३ आलं म्हणजे सोसायटीत साखर वाटत असतील. प्रत्यक्षात अनेकांचे चेहरे पडतात. सी-१ मध्ये नवा फ्लॅट आहे, वाढीव चौरस फूट आहेत, मधल्या काळाचं भाडं आहे, कॉर्पस फंड आहे. सी-३ मध्ये फक्त सिमेंटची पोती आणि वर्गणी आहे. पुनर्विकासाला आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. गळका पाइप बदलायला मात्र ज्याच्या न्हाणीघरातून तो जातो त्या एकट्याची लागते, आणि तो नवीन टाइल्स बसवून नुकताच मोकळा झालेला असतो. ज्या व्यवस्थेत इमारत आजारी पडण्यात सगळ्यांचा फायदा आहे, तिथे ती ठणठणीत राहावी म्हणून धडपडणारा सेक्रेटरी हा समाजकंटक ठरतो.

देखभाल होतच नाही असंही नाही. ती होते तेव्हा बऱ्याचदा न होण्यापेक्षा महागात पडते, आणि याचं उत्तम उदाहरण म्हणजे जुन्या वाड्यांना लागलेलं सिमेंटचं वेड. वाड्याची भिंत विटांची किंवा दगडाची, जोडणी चुन्याची. तो चुना घाणीत मळायचा. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद असं काय काय पडायचं, यादी वाचून स्वयंपाकघरात आलो की काय असं वाटावं. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि ऊन पडलं की सोडून देतो. भिंत श्वास घेते म्हणतात ते यालाच. मालकाला मात्र गिलाव्यावरचा ओलीचा डाग दिसतो आणि तो घट्ट, तुळतुळीत सिमेंट थापून डाग झाकतो. ओल कुठे जात नाही, ती आत कोंडते. तिच्याबरोबर आलेले क्षार विटेत साठतात, आणि काही वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा वरून शाबूत आणि मागची वीट भुगा, अशी अवस्था होते. दरजा भरण्याचा साधा नियम असा की मसाला विटेपेक्षा मऊ असावा, म्हणजे झिजायचं ते मसाल्यानं झिजावं आणि तो पुन्हा भरता यावा. आपण उलट करतो आणि मग ‘जुनी बांधकामं कच्चीच असायची’ असा शेरा मारतो. पर्यावरणाचा हिशोबही चुन्याच्या बाजूचा आहे. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली जाते, सिमेंटच्या भट्टीला सुमारे १४५० अंश लागतात. शिवाय चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत राहतो. जगभरात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंट उद्योगाचा आहे. यावर आक्षेप येतो की चुना सावकाश वाळतो आणि चुन्याचं काम येणारे गवंडी मिळत नाहीत. दोन्ही खरं आहे. पण काम नाही म्हणून गवंडी नाहीत आणि गवंडी नाहीत म्हणून काम नाही, हे चक्र कुठून तरी तोडायचं तर काम देऊनच तुटेल. ‘दुर्मीळ कारागीर’ या विषयावर परिसंवाद भरवून तुटणार नाही. टॉवर चुन्यात बांधा असं कुणीच म्हणत नाही. म्हणणं इतकंच, की दोनशे वर्षांच्या भिंतीला तिच्या प्रकृतीला मानवेल ते द्यावं.

नुसतं नाव मोठं असून भागत नाही, याचं उदाहरण मुंबईत काळ्या घोड्याजवळ उभं आहे. वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन, इंग्लंडमध्ये तयार करून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर १८६० च्या दशकात उभारलं गेलं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या फिती भारतात पहिल्यांदा दाखवल्या गेल्या त्या इथेच. वारशाच्या कुठल्याही यादीत शोभेल असं हे चरित्र आहे. पण यादीत नाव घातल्यानं गंज थांबत नाही, कारण गंज याद्या वाचत नाही. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. आता याच्या जोडीला मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारती ठेवाव्यात. बहुतेक १९३० च्या दशकातल्या, काँक्रीटच्या, खारं वारं रोज तोंडावर घेणाऱ्या. त्यांतल्या पुष्कळशा आजही राहत्या आहेत, आणि २०१८ मध्ये युनेस्कोनं हा समूह जागतिक वारसा म्हणून नोंदवला. फरक शैलीचा नाही. जिथे राहणाऱ्यांकडे दुरुस्तीचं कारण आणि ऐपत दोन्ही होतं तिथे रंग लागत राहिला. जिथे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, तिथे मालक म्हणाला की या भाड्यात खिळाही येत नाही, भाडेकरू म्हणाला की घर मालकाचं आहे, आणि जिना दोघांचं ऐकून घेत खचत राहिला. १९६९ मध्ये मुंबईत उपकर गोळा करून दुरुस्ती मंडळ आणावं लागलं ते यापायी. तेव्हा भाडेकरूला रस्त्यावर न काढता दुरुस्तीचा खर्च वसूल कसा होईल, हा प्रश्न वारशाच्या गप्पांमध्ये सगळ्यात नीरस आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा.

इथे एक सणसणीत आक्षेप येतो आणि तो यायलाच हवा. जुन्याचं कौतुक करणारा बहुधा नव्यात राहतो. ज्याला चाळीतली आपुलकी आठवून गहिवरून येतं त्याच्या फ्लॅटला दोन संडास असतात. चाळीत राहणाऱ्याच्या वाट्याला आपुलकीबरोबर सामायिक संडासाची रांगही येते. मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर मिळत असेल, तर ‘तुम्ही आमचा वारसा आहात, तिथेच राहा’ असं सांगणं हा वारसाप्रेमाच्या नावाखाली केलेला अगोचरपणा आहे. हे पूर्ण मान्य. पण इथे झगडा जुन्या-नव्याचा नाही, निगा आणि हेळसांड यांचा आहे, आणि तो नव्या इमारतीत संपत नाही, उलट चौपट होतो. चाळीचा जिना विजेवर चालत नव्हता. चाळीस मजली टॉवरला लिफ्ट लागते, पाणी वर चढवायला पंप लागतात, आगीसाठी वेगळी टाकी आणि वेगळे पंप, सांडपाण्याचा प्रकल्प, जनरेटर, आणि हे सगळं रोज लागतं. इमारत नवी मिळाली पण महिन्याचा मेंटेनन्स झेपला नाही, तर तीच माणसं, तीच वर्गणीची भांडणं आणि तोच पिंपळ, फक्त गच्ची ढगांच्या जवळ. तेव्हा कुणाला टॉवर देऊ नये असं नाही. टॉवर देताना त्याच्या संसाराचा खर्च कोण आणि कसा करणार हे चावीच्या आधी ठरावं.

दुसरा आक्षेप विज्ञानाचा वेश घालून येतो: जुनी इमारत वीज खाते, नवी ‘ग्रीन’ असते, म्हणून पाडणं हेच पर्यावरणाच्या हिताचं. अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेनं २०११ मध्ये नेमका हाच हिशोब मांडला. जुन्यापेक्षा ३० टक्के कमी ऊर्जा वापरणारी नवी इमारत बांधली, तरी तिच्या बांधकामानं हवामानाचं केलेलं नुकसान भरून निघायला इमारतीच्या प्रकारानुसार १० ते ८० वर्षं लागतात. हे आकडे अमेरिकेतल्या शहरांचे आहेत, ते मुंबई-पुण्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण तत्त्व इथेही तेच, कारण पाडलेल्या भिंतीचा राडारोडा आणि नव्या स्लॅबचं पोलाद दोन्हींचा भार पहिल्या दिवशीच पडतो, आणि विजेची बचत हप्त्याहप्त्यानं येते. त्यात आपण हप्ते फिटेपर्यंत थांबतोच कुठे! तीस-पस्तीस वर्षांची इमारत झाली की पुन्हा बिल्डरची चौकशी सुरू होते. शिवाय ‘ग्रीन’मध्ये हिरवं काय, हेही पाहावं. घरांसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’मध्ये भिंती-खिडक्यांतून आत शिरणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटची मर्यादा सांगितली आहे, ती शहाणपणाची आहे. ती गाठायचा एक सोपा मार्ग म्हणजे खिडकीवर बऱ्यापैकी छज्जा. आर्ट डेको इमारतींना तो भुवईसारखा होताच. ऊन आणि तिरका पाऊस दोन्ही अडवायचा. मग तो जुनाट दिसतो म्हणून आक्रसला, सपाट भिंती आणि मोठ्या काचा आल्या. पहिल्याच पावसात रहिवाशांनी खिडक्यांवर आपापले फायबरचे पत्रे ठोकले, प्रत्येक मजल्यावर निराळ्या रंगाचे, आणि उन्हाळ्यात काचेला पडदे आणि पडद्यामागे एसी. नकाशातून काढलेला छज्जा असा पंधरा सभासदांनी पंधरा प्रकारे परत बांधला.

दुरुस्त करता येईल अशी रचना म्हणजे काय, हे कोकणातलं कौलारू घर चांगलं शिकवतं, आणि त्यासाठी जुन्याची आरती ओवाळायची गरज नाही. मंगलोरी कौल हा काही वेदकाळचा प्रकार नव्हे; मंगळूरला १८६५ मध्ये बाझेल मिशननं कारखाना काढला आणि तो माल किनाराभर पसरला. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ती कारखान्यातून आली, पण घराच्या स्वभावात बसली म्हणून टिकली. त्या छपराची मुख्य खुबी अशी की एक कौल फुटलं तर एकच बदलायचं. छप्पर खाली उतरवावं लागत नाही आणि शेजाऱ्याची सही लागत नाही. मृग लागायच्या आत घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, पावसाच्या बाजूला पडवीला झापं बांधायची, हे कॅलेंडरमध्येच होतं. त्याला उपविधी लागत नव्हत्या, कारण पाऊस मुदतवाढ देत नसे. शहरात एवढं आपोआप होणार नाही, हे खरं. तिथे व्यवस्थाच लागेल. नेदरलँड्समध्ये १९७३ पासून ‘मोन्युमेंटनवाख्ट’ नावाची सोय आहे: वर्गणीदार असलेल्या जुन्या वास्तूंची जाणकार माणसं ठरावीक काळानं तपासणी करतात, निसटलेलं कौल जागच्या जागी बसवतात, पन्हळ मोकळी करतात आणि पुढे काय करायला हवं त्याचा लेखी अहवाल मालकाच्या हाती देतात. वरात नाही, कोनशिला नाही. आपल्याकडे पाण्याचा फिल्टर आणि एसी यांची वार्षिक तपासणीची वर्गणी लोक बिनतक्रार भरतात. त्या दोन्ही वस्तू ज्या छपराखाली ठेवलेल्या असतात तेवढं मात्र परमेश्वरावर सोडलेलं असतं.

एवढं मान्य केलं तर नवं घर पसंत करायची रीतही बदलावी लागेल. सॅम्पल फ्लॅट पाहायला जाणारे लोक संगमरवरावर बोट फिरवून पाहतात, मॉड्युलर किचनचे खण उघडून पाहतात, बाल्कनीत उभं राहून तलाव दिसतो का हे पाहतात, आणि तलाव दिसला नाही तर सेल्समन त्याची दिशा दाखवतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप जातात त्या डक्टमध्ये माणूस उभा राहू शकतो का? खिडकीवर पडलेलं पाणी कुठे जातं? लिफ्ट आणि पंप यांच्या देखभालीचा दर महिन्याचा खर्च माणशी किती येईल? मग डक्टचं दार उघडून दाखवायला सांगावं. सेल्समननं दार दाखवलं आणि ते उघडलंही, तर घर घ्यायला हरकत नाही. त्याला दारच सापडलं नाही, तर भाव कितीही खाली आला तरी त्यांचा चहा प्यावा, माहितीपत्रक रद्दीसाठी घ्यावं, आणि निघावं.